कोविड रुग्णाच्या फुप्फुसाची खाटेजवळची सोनोग्राफी: प्रोब कुठे ठेवायचा, काय पाहायचं, त्यावरून काय ठरवायचं

२०२१च्या एप्रिल-मे महिन्यांत कोविड वॉर्डाबाहेर थांबलेले नातेवाईक "पेशंट कसा आहे?" असं विचारायच्या आधी "स्कोअर किती आला?" असं विचारायचे. एचआरसीटीच्या (छातीच्या सीटी स्कॅनच्या) २५ पैकी आकड्याचा लोकांनी इतका धसका घेतला होता, की ऑक्सिजन ९७ असलेला माणूसही स्कोअर ऐकून खचायचा. डॉक्टरही त्या आकड्याच्या मागे धावलेच. फुप्फुसाच्या सोनोग्राफीतही असाच आकडा काढता येतो, ३६ पैकी किंवा ४२ पैकी. म्हणून आधीच सांगून ठेवतो, आकड्यासाठी ही तपासणी शिकू नका. आज ऑक्सिजन का घसरला, कालच्यापेक्षा फुप्फुस मोकळं आहे की भरलंय, पालथं झोपवल्याचा फायदा होतोय का, ही उत्तरं रुग्णाला सीटीच्या टेबलापर्यंत न हलवता, हवी तितक्या वेळा मिळतात. एवढ्यासाठी ती शिकायची.

हा लेख वॉर्डात आणि आयसीयूत काम करणाऱ्या निवासी डॉक्टरांसाठी आणि तालुक्याच्या ठिकाणी एकट्याने किल्ला लढवणाऱ्या फिजिशियनसाठी आहे. कोविडच्या लाटा ओसरल्या तरी इन्फ्लुएंझाचा न्यूमोनिया दर मोसमात येतोच, आणि २००९चा स्वाइन फ्लू पुणेकर डॉक्टर विसरलेले नाहीत. तिथेही तंत्र हेच.

आधी कागद, मग प्रोब

आपल्याकडे सोनोग्राफीचं मशीन म्हणजे स्टेथोस्कोप नव्हे. पीसीपीएनडीटी कायद्याखाली (गर्भलिंगनिदान रोखणारा कायदा) मशीनची आणि जागेची नोंदणी लागते. पोर्टेबल मशीन नोंदणी झालेल्या रुग्णालयाच्या आवारातच, दाखल रुग्णांसाठी वापरता येतं. दुसरी मुभा फिरत्या वैद्यकीय पथकाला आहे. खिशात मावणारा आणि मोबाइलला जोडायचा प्रोबसुद्धा याच कायद्यात येतो. तो ऑनलाइन मागवून थेट वॉर्डात न्यायचा विचार असेल तर थांबा. मशीन कोणाच्या नावावर आहे, ते चालवणाऱ्यांच्या यादीत तुमचं नाव आहे का आणि कोविड वॉर्डाची जागा नोंदणीत धरली आहे का, हे प्रशासनाकडून लेखी घ्या. रुग्ण गर्भवती असेल तर छातीच्या तपासणीआधीही एफ फॉर्मबद्दल (गर्भवतीच्या सोनोग्राफीची कायदेशीर नोंद) रेडिओलॉजिस्टशी बोलून घ्या. कटकट आहे खरी, पण ती आधी उरकलेली बरी.

हवेच्या अवयवात दिसतं काय?

निरोगी फुप्फुस सोनोग्राफीत दिसतच नाही. ध्वनिलहरी छातीच्या भिंतीतून जातात, प्लुरापाशी (फुप्फुसावरच्या पातळ आवरणापाशी) हवा लागली की जवळजवळ सगळ्या परत फिरतात. मग प्रोब आणि प्लुरा यांच्यात त्या पुन्हा पुन्हा आपटतात, आणि प्लुराच्या रेषेखाली सारख्या अंतरावर आडव्या रेषा उमटतात. या ए-लाइन्स. त्वचेपासून प्लुरा जितकी खोल, तितक्याच अंतरावर पुढची ए-लाइन. त्यांचा अर्थ इतकाच, की प्लुराखाली हवा आहे.

पृष्ठभागाजवळ पाणी किंवा सूज आली, हवा कमी झाली, की चित्र पालटतं. प्लुरापासून निघून पडद्याच्या तळापर्यंत न विरता जाणारी उभी, पांढरी, लेसरसारखी रेषा दिसते. ती बी-लाइन. ती श्वासाबरोबर सरकते आणि वाटेतल्या ए-लाइन्स पुसते. अर्ध्यातच विरणारी आखूड शेपटी म्हणजे बी-लाइन नव्हे. ती मोजू नका. एका फासळ्यांच्या फटीत तीन किंवा जास्त बी-लाइन्स असल्या तर विकार धरायचा. एखाद-दुसरी, विशेषतः खालच्या भागात, निरोगी माणसातही दिसते.

फ्रान्सचे आयसीयू तज्ज्ञ डॅनियल लिश्टेनश्टाइन यांनी हे सगळं पद्धतशीर मांडलं, आणि २००८ मध्ये त्यांचा ब्लू प्रोटोकॉल (दम लागण्याचं कारण सोनोग्राफीने शोधायची ठरीव पद्धत) प्रसिद्ध झाला. २०२० मध्ये इटलीत कोविडचा कहर झाला तेव्हा तिथल्या डॉक्टरांना शून्यापासून सुरुवात करावी लागली नाही, ती यामुळे.

मशीन लावताना

मोठ्यांसाठी पोटाचा कॉन्व्हेक्स प्रोब, २ ते ५ मेगाहर्ट्झचा, बहुतेक काम करून जातो. प्लुरा बारकाईने पाहायची असेल किंवा रुग्ण सडपातळ असेल तर लिनियर प्रोब घ्या. हृदयाचा प्रोब एकटाच हाती असेल तर त्यावरही भागतं, प्लुरा मात्र तितकी रेखीव दिसत नाही.

लंग प्रिसेट (मशीनमधली फुप्फुसासाठीची तयार सेटिंग) असेल तर तो लावा, नसेल तर पोटाचा. मग हार्मोनिक्स आणि कंपाउंड इमेजिंग बंद करा. ही पायरी बरेच जण गाळतात. चित्र गुळगुळीत करणारी ही सोय पोटात उपयोगी, पण आपल्याला तर आर्टिफॅक्टच (ए-लाइन, बी-लाइनसारख्या आभासी खुणा) हवे आहेत. नवी मशीनं फुकटात स्वच्छता करून बी-लाइन्स पुसट करतात, आणि मग "काल होत्या, आज नाहीत" असा खोटा दिलासा मिळतो. फोकस प्लुराच्या पातळीवर आणा. डेप्थ सुरुवातीला १० ते १२ सेंटिमीटर, तळाशी पाणी शोधताना जास्त, लिनियरने प्लुरा पाहताना ४-५. या सेटिंग्ज रोज त्याच ठेवा. कालची आणि आजची तुलना करायची असेल तर प्रोब आणि डेप्थ बदलून चालत नाही.

संसर्ग वॉर्डाबाहेर नेऊ नका

कोविड वॉर्डासाठी शक्यतो एक मशीन वेगळं ठेवा. ते जमत नसेल तर नको ते प्रोब आणि ट्रॉलीवरचं सामान बाहेर काढा, मशीन आणि वायरवर प्लास्टिकचं कव्हर चढवा. जेलची मोठी बाटली एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर फिरवू नका. एकदाच वापरायची पाकिटं घ्या. करोना विषाणूला बाहेरून चरबीचं आवरण असतं, त्यामुळे साध्या जंतुनाशकानेही तो मरतो. पण जेल आधी पूर्ण पुसा, जेलच्या थराखाली जंतुनाशक पोचत नाही. स्पिरिट सगळ्याच प्रोबना मानवत नाही. प्रोबचं रबर तडकलं की भुर्दंड मोठा, तेव्हा कंपनीचं पुस्तक आधी बघा. आणि वायर. वायर रुग्णाच्या चादरीवर लोळते आणि पुसायची राहते.

कुठून कुठे

बसू शकणाऱ्या रुग्णाला खाटेच्या कडेला, पाय खाली सोडून बसवा आणि तुम्ही पाठीमागे उभे राहा. त्याचा खोकला तुमच्या तोंडावर येत नाही, आणि कोविडचा आजार जिथे जास्त सापडतो ती पाठ थेट समोर येते. काय करणार ते आधी सांगा. एका आजींनी मला ऐकवलं होतं, "अरे, सोनोग्राफी पोटाची असते ना? मला तर दम लागतोय." त्यांना पडदा दाखवला, "आजी, ही रेघ हलतेय ना, हा तुमचा श्वास" म्हटलं, की त्या निवांत. पदर, गाऊन, चेन-लॉकेट बाजूला घ्यायला सिस्टरांना सोबत ठेवा. खांद्याच्या फऱ्याआड लपलेली जागा उघडी करायला हात पुढे घेऊन एकमेकांत गुंफायला सांगा.

इटलीतून २०२० मध्ये आलेल्या पद्धतीत १४ जागा आहेत, दोन्ही बाजूंना सात-सात. पाठीवर मणक्याच्या कडेने तीन: तळाशी, मध्ये, वर. कुशीत काखेच्या मधल्या रेषेवर दोन, खाली आणि वर. पुढे गळपट्टीच्या हाडाच्या मध्यरेषेवर दोन, खाली आणि वर. कुशीत आणि पुढे वर-खाली ठरवायला दोन्ही स्तनाग्रांना जोडणारी रेषा धरतात. बायकांत ती भरवशाची नाही, तिथे फासळ्या मोजा. प्रत्येक जागी दहा सेकंदांची क्लिप साठवायची. आयसीयूत जुनी १२ जागांची पद्धत जास्त रुळलेली आहे: पुढे, कुशीत आणि मागे, प्रत्येकी वर आणि खाली. कोणतीही घ्या, पण आख्ख्या विभागाने एकच घ्या.

उताण्या, हलवता न येणाऱ्या रुग्णात पाठ सुटते आणि तिथेच घात होतो. पुढच्या बाजूला सगळ्या ए-लाइन्स आणि पाठीमागे फुप्फुस पांढरंफटक, हे कोविडमध्ये नेहमीचं आहे. मदतनीसाकडून रुग्णाला थोडं कुशीवर वळवा, प्रोब गादी आणि पाठ यांच्यामध्ये सरकवा, तोंड वर छताकडे. तेही जमलं नाही तर रिपोर्टमध्ये "पाठ तपासता आली नाही" असं स्पष्ट लिहा. "नॉर्मल" लिहू नका. रुग्ण पालथा असेल तर उलट संधी आहे, पाठ पूर्ण मोकळी मिळते.

प्रत्येक जागी आधी प्रोब उभा धरा, खूण डोक्याकडे. वर-खाली दोन फासळ्या आणि त्यांच्या काळ्या सावल्या, मध्ये, फासळ्यांच्या पातळीपासून साधारण अर्धा सेंटिमीटर खोल, चमकदार प्लुरा. हे वटवाघळासारखं चित्र मिळेपर्यंत पुढे जाऊ नका. ते मिळालं की नक्की प्लुराच बघताय याची खात्री. मग प्रोब फासळ्यांच्या फटीला समांतर फिरवा, म्हणजे सावल्या हटून प्लुराची लांब पट्टी दिसते. प्रोब प्लुराला काटकोनात हवा. थोडा तिरका झाला की प्लुरा पुसट, ए-लाइन्स गायब, आणि नवखा माणूस विकार शोधत बसतो.

तळाच्या जागांवर पहिल्यांदा डायफ्राम (छाती आणि पोट यांमधला स्नायू) शोधा, उजवीकडे लिव्हर, डावीकडे प्लीहा. त्याच्या वरचं ते फुप्फुस. हा क्रम मोडला की लिव्हरलाच कन्सॉलिडेशन (हवा जाऊन घट्ट झालेलं फुप्फुस) म्हटलं जातं. डावीकडे तर प्लीहा आणि मूत्रपिंड यांच्यामधली चमकदार रेषा डायफ्राम वाटून भले भले फसतात.

पडद्यावर कोविड कसा दिसतो

इथे घाई करू नका. एकेका जागेवर दोन-तीन पूर्ण श्वास थांबा.

प्रथम प्लुरा. निरोगी प्लुरा बारीक, सलग, श्वासाबरोबर सरकणारी. कोविडमध्ये ती जाड होते, खडबडीत होते, जागोजागी तुटते. लिनियर प्रोबने पाहिलं तर रेषेत छोटे खाचखळगे दिसतात आणि प्रत्येक खळग्यातून खाली बी-लाइन सुटलेली असते. लवकरच्या आजारात कधी कधी तेवढंच सापडतं.

मग बी-लाइन्स. आधी सुट्या, मग एकमेकींत मिसळलेल्या, आणि शेवटी सगळी फट पांढरी. कोविडमध्ये आणखी एक चित्र वारंवार भेटतं: नॉर्मल दिसणाऱ्या प्लुराच्या एका तुकड्यातून रुंद, झगमगता पांढरा पट्टा खाली पडतो, श्वासाबरोबर झपकन येतो, झपकन जातो, शेजारी ए-लाइन्स जशाच्या तशा. इटलीच्या डॉक्टरांनी याला 'लाइट बीम' म्हटलं. सीटीतल्या ताज्या ग्राउंड ग्लासशी (धूसर डागांशी) ते जुळतं. दुसऱ्या आजारांत ते दिसतच नाही असं नव्हे, पण ताप, खोकला आणि साथीचे दिवस असताना ते दिसलं तर वजन द्यावं.

तिसरं, प्लुराला चिकटलेली छोटी कन्सॉलिडेशन्स: काळसर, वेड्यावाकड्या कडांची, त्यांच्या खालच्या काठावरून पुन्हा बी-लाइन्स. मोठं, लिव्हरसारखं दिसणारं कन्सॉलिडेशन, आत श्वासाबरोबर हलणाऱ्या हवेच्या पांढऱ्या नळ्या, हे कोविडच्या उशिराच्या टप्प्यात पाठीच्या तळाशी मिळू शकतं. पण पहिल्याच दिवशी, एकाच बाजूला मिळालं तर जिवाणूंचा न्यूमोनिया डोक्यात आणा.

सर्वांत महत्त्वाची ती विभागणी. कोविड दोन्ही बाजूंना असतो, पण ठिगळांसारखा. एका फटीत पांढरं फुप्फुस, शेजारच्या फटीत चक्क निरोगी. पाठीमागे आणि खाली जास्त. हृदयामुळे पाणी साचलेल्या फुप्फुसात प्लुरा बारीक आणि गुळगुळीत राहते, बी-लाइन्स दोन्हीकडे सारख्या पसरतात आणि बहुधा प्लुरात पाणीही असतं. कोविडमध्ये मोठं प्ल्युरल इफ्यूजन (प्लुरातलं पाणी) फारसं मिळत नाही. मिळालं तर दुसरं कारण शोधा. दोन मिनिटं काढून हृदय आणि आयव्हीसी (हृदयाकडे येणारी मोठी शीर) बघितलं तर गोंधळ निम्मा कमी होतो.

आपल्याकडचा खास पेच म्हणजे जुना क्षय. वरच्या भागात जाड, ओढलेली प्लुरा आणि जुनाट बी-लाइन्स मिळाल्या, तर कोविडच्या नावावर टाकण्याआधी "पूर्वी टीबीच्या गोळ्या घेतल्या होत्या का?" हे विचारा. जुन्या फायब्रोसिसलाही हेच लागू. जुना एक्स-रे घरात गादीखाली असतोच, तो मागवा.

आकडा काढायचाच असेल तर

१२ जागांच्या पद्धतीत प्रत्येक जागेला ० ते ३. ए-लाइन्स आणि दोनपर्यंत बी-लाइन्स असल्या तर ०. तीन किंवा जास्त, पण सुट्या, तर १. एकमेकींत मिसळलेल्या तर २. कन्सॉलिडेशन असेल तर ३. एकूण ३६. पुढे एक सुधारणा आली, ती मला जास्त पटते: १ आणि २ मधला फरक रेषा मोजून न करता, दिसणाऱ्या प्लुराचा किती भाग आजारी आहे यावर करायचा, निम्म्यापर्यंत १, निम्म्याहून जास्त २. ठिगळांच्या आजारात हे जास्त खरं उतरतं. १४ जागांच्या इटालियन पद्धतीत एकूण ४२ होतात आणि ३चा अर्थ दूरवर पसरलेलं पांढरं फुप्फुस, कन्सॉलिडेशनसह किंवा त्याविना, असा आहे. दोन पद्धतींचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नका.

एकाच रुग्णात, एकाच पद्धतीने, आज १४ आणि परवा २२, याला अर्थ आहे. "१४ आला, म्हणजे मॉडरेट" याला नाही.

यावरून काय ठरवायचं, काय नाही

कोविड आहे की नाही, हे आरटी-पीसीआर ठरवते. सोनोग्राफी न्यूमोनिया आहे का हे सांगते, विषाणूचं नाव सांगत नाही. नॉर्मल सोनोग्राफी म्हणजे कोविड नाही असंही नाही: आजार घशापुरता असू शकतो, किंवा डाग फुप्फुसाच्या आत, प्लुरापर्यंत न पोचलेला असू शकतो. जे प्लुराला टेकत नाही ते आपल्याला दिसत नाही.

तीव्रता ठरते ती रुग्णावरून. आपल्याकडच्या एम्स-आयसीएमआर सूचनांत ऑक्सिजन ९० ते ९३ किंवा श्वास मिनिटाला २४ वा जास्त म्हणजे मध्यम, आणि ऑक्सिजन ९०च्या खाली किंवा श्वास ३०हून जास्त म्हणजे तीव्र, अशी सोपी विभागणी होती. सोनोग्राफीत काय दिसलं यावर ती बदलत नाही. त्यातून एक ठाम गोष्ट निघते: केवळ बी-लाइन्स दिसल्या म्हणून स्टेरॉइड सुरू करायचं नाही. २०२० च्या रिकव्हरी या ब्रिटनमधल्या मोठ्या औषध-चाचणीत डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅमचा फायदा ऑक्सिजन किंवा व्हेंटिलेटर लागणाऱ्यांना झाला; ऑक्सिजन न लागणाऱ्यांना झाला नाही, तोट्याचीच शंका राहिली. दुसऱ्या लाटेत गल्लोगल्ली दिलेल्या स्टेरॉइडचं बिल पुढे साखरेत आणि म्युकरमध्ये भरावं लागलं.

मग उपयोग कुठे? ऑक्सिजन ९५, पण पाठीला दोन्हीकडे मिसळलेल्या बी-लाइन्स आणि आजाराचा सहावा दिवस: हा रुग्ण घरी पाठवायचा असेल तर नुसत्या कागदावर सही करून नको. सहा मिनिटं चालवा, ऑक्सिजन किती पडतो बघा, घरात ऑक्सिमीटर आणि रात्री गाडीची सोय आहे का विचारा, नाहीतर एक दिवस ठेवून घ्या. उलट, ऑक्सिमीटर ८८ दाखवतोय, माणूस गप्पा मारतोय आणि बाराही जागा स्वच्छ, तर आधी बोटाची मेंदी आणि नेलपॉलिश बघा, बोट बदला. आकडा खराच निघाला तर फुप्फुसातल्या गुठळीचा विचार करा. कोविडमध्ये रक्त गोठण्याकडे कल असतो. लिनियर प्रोब जांघेत आणि गुडघ्यामागे ठेवून शीर दाबून बघा. न दबणारी शीर म्हणजे डीव्हीटी (खोल शिरेतली गुठळी).

व्हेंटिलेटरवर किंवा हाय-फ्लोवर (नाकातून जोराने दिलेला ऑक्सिजन) असलेल्याचा ऑक्सिजन अचानक पडला तर दोन मिनिटांत सोनोग्राफी करा. प्लुरा सरकते का ते आधी पुढच्या बाजूला पाहा. सरकत नसेल, बी-लाइन एकही नसेल आणि एका जागी सरकणं सुरू-बंद होताना दिसलं, तर तो लंग पॉइंट, म्हणजे न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर, छातीत साठलेली हवा). एक जरी बी-लाइन दिसली तरी त्या जागी न्यूमोथोरॅक्स नाही. नुसतं सरकणं थांबलं म्हणून छातीत नळी घालू नका. श्वासाची ट्यूब उजव्या ब्रॉंकसमध्ये (उजव्या फुप्फुसाच्या श्वासनलिकेत) उतरली तरी डावी प्लुरा सरकत नाही. त्वचेखाली हवा पसरली असेल तर काहीच दिसणार नाही, तिथे एक्स-रे. आणि रुग्ण कोसळतच असेल तर चित्रासाठी खोळंबू नका.

पालथं झोपवण्याआधी आणि काही तासांनी पाठीच्या जागा पुन्हा पाहिल्या तर मागचं फुप्फुस उघडतंय का ते कळतं. पण चित्र बदललं नाही तरी ऑक्सिजन सुधारला असेल तर पालथं ठेवणं चालू ठेवा. बरं होतानाही असंच. रुग्ण ऑक्सिजनवरून सुटतो, जिना चढतो, आणि बी-लाइन्स मात्र कित्येक आठवडे रेंगाळतात. त्या मोजून डिस्चार्ज लांबवू नका.

रिपोर्ट कसा लिहायचा

क्लिप्स साठवा, तारीख-वेळ, प्रोब, रुग्णाची स्थिती आणि त्या क्षणी किती ऑक्सिजन चालू होता हे लिहा. शेवटची बाब सुटली की दुसऱ्या दिवशीच्या तुलनेला अर्थ उरत नाही. मी साधारण असं लिहितो:

"बसलेल्या स्थितीत, कॉन्व्हेक्स प्रोब, मास्कने ६ लिटरवर ऑक्सिजन ९३, श्वास २६. १२ जागा. पुढे दोन्हीकडे ए-लाइन्स, प्लुरा सरकते. कुशीत खाली दोन्हीकडे सुट्या बी-लाइन्स. पाठीत खाली दोन्हीकडे मिसळलेल्या बी-लाइन्स, प्लुरा खडबडीत व तुटक, डावीकडे छोटं कन्सॉलिडेशन. इफ्यूजन नाही. कालच्या तुलनेत उजवा तळ वाढला, बाकी तसंच. व्हायरल न्यूमोनियाशी सुसंगत. जागं असतानाच पालथं झोपवायला सुरुवात करावी, संध्याकाळी पाठ पुन्हा पाहणे, डी-डायमर व पायाच्या शिरा पाहणे."

एकूण स्कोअर लिहायचा झाला तर खाली, कंसात. नातेवाइकांनी विचारलाच तर आकड्याऐवजी कालपेक्षा बरं की वाईट एवढं सांगा.